पितळेची म्हणून सांगितलेली पट्टी

लादीच्या कडेला लावायची पट्टी माणसं सगळ्यात शेवटी घ्यायला येतात. लाद्या निवडायला अख्खं घर येतं, मावश्या येतात, शेजारीण येते, फोनवर फोटो पाठवून भिवंडीच्या मेहुण्याचं मत घेतलं जातं. पट्टीला मात्र एकटाच माणूस येतो, तोही मिस्त्रीने हाकलला म्हणून. "पट्टी द्या," एवढंच म्हणतो. कुठे लावायची, किती जाडीच्या लादीला, काही ठाऊक नसतं. पेणच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीतल्या लाद्यांच्या दुकानात मी एकोणीस वर्षं काउंटरवर उभी होते, आणि खरं सांगायचं तर अशी माणसं मला आवडायची. त्यांना झापायला मिळायचं.

"लादी किती मिलीमीटर?" मी विचारायची. माणूस बोटांनी जाडी दाखवायचा. मग मी त्याची बोटं धरल्यासारखं करून म्हणायची, "हीच घेऊन जाते आत, मापाला." बाकीची गिऱ्हाइकं हसायची. माणूस कानकोंडा व्हायचा. त्यानंतर मी त्याला नीट शिकवायची, हेही खरं. लादी आठची असली तर पट्टी दहाची घ्यावी, कारण खालचा चिकटवायचा मसालाही आपली जाडी घेतो. पट्टी बुटकी पडली तर लादीची कड उघडी राहते आणि हात कापतो. उंच पडली तर येणाजाणाऱ्याचं बोट ठेचकाळतं. दोन्ही वेळा शिव्या दुकानाला.

हमरापूरचा एक गणपतीवाला मूर्तींच्या कारखान्यातल्या मोरीसाठी चकचकीत सोनेरी पट्टी मागत होता. दिवसभर रंगाचे ब्रश धुणार, डबे आपटणार, आणि ह्याला सोनेरी हवी. त्याला मी प्लास्टिकची दिली. प्लास्टिक म्हटलं की लोक नाकं मुरडतात, पण पाण्याने ती गंजत नाही, रंगाचे शिंतोडे साबणाच्या पाण्याने निघतात. उन्हात मात्र लावू नये. वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते आणि मग धक्का लागला की कडकन तुटते. खाडीकडच्या एका घरात सगळे मुलगे आखातात होते. त्यांना मी साधी स्टीलची पट्टी द्यायला साफ नकार दिला. खारं वारं लागलं की हलक्या स्टीलवर तपकिरी ठिपके उठतात. चांगल्या प्रतीचं घ्या, आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने पुसा, लगेच कोरडं करा. त्या घरची म्हातारी मान डोलावून ऐकत होती आणि जाताना म्हणाली, "बाय, तुझी जीभ वाईट हाय, पन माल चांगला देतेस." मला ते शाबासकीसारखं वाटलं होतं.

सगळ्यात नाजूक सोनेरी अ‍ॅल्युमिनियमची. दिसते पितळेसारखी, पण वर नुसता रंग चढवलेला असतो. मिस्त्रीला बजावायचं की सिमेंट ओलं असतानाच पुसून घे, वरचा प्लास्टिकचा कागद काम झाल्याबरोबर काढ, नाही तर तो पुढे निघतच नाही. लाद्या धुवायला अ‍ॅसिड मारलं तर ते पट्टीला लागता कामा नये. आणि घरातल्या बायकांना सांगायचं की हिला आंबट लावू नका, तारेची घासणी लावू नका, नुसतं मऊ ओलं फडकं पुरे. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन-तीनदा सांगितलं. एका बाईला सांगितलं नाही. ती माझी भावजय.

आमचं घर रोह्यापासून आत एका गावात. मी लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आले होते आणि तेव्हापासून रोज पेणला जाऊन-येऊन नोकरी करत होते. बाबा गेल्यापासून घरात आईचा शब्द शेवटचा. दहा-अकरा वर्षांपूर्वी धाकट्या भावाने जुनं कौलारू घर पाडून एक मजली स्लॅबचं बांधलं. तो धाटावला कंपनीत शिफ्टला जातो. त्याचं लग्नही त्याच वर्षी झालं होतं. मुलगी नागोठण्याकडची, नर्सिंगचा कोर्स केलेली.

वर जायला चौदा पायऱ्यांचा जिना होता आणि त्या पायऱ्यांच्या कडेला आईला पितळेची पट्टी हवी होती. आमच्या मागच्या आळीत कुवेतला नोकरी असलेल्या एकाचं घर आहे, तिथे ईदला शिरखुर्मा खायला गेली असताना तिने ती पाहिली होती. "तशीच पायजे," म्हणाली. "तू दुकानात हाय कशाला मग?" दुकानाच्या माळ्यावर सोनेरी अ‍ॅल्युमिनियमचा एक गठ्ठा पडून होता. रंग इतका पातळ की मालकाने तो परत पाठवायला बाजूला काढला होता. मी मागितला, तो ने म्हणाला. घरी येऊन मी सांगितलं, पितळ आहे. आईने दुसऱ्या दिवसापासून गावभर सांगितलं की पोरीने जिन्याला पितळ आणलं. मी ऐकत होते आणि मला ते गोड लागत होतं.

आता मुद्द्याचं. भावजयीला पेणच्या एका खासगी दवाखान्यात नोकरी मिळत होती. डॉक्टरांनी महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणून सांगितलं होतं. तिने भावाला विचारलं, भावाने आईकडे बोट दाखवलं. आई म्हणाली, "आधी घरभरणी नीट पार पाड. घर सांभाळता येतंय का बघू दे. मग बघू." भावजय त्या 'मग बघू'वर जगत होती. पहाटे उठून पाणी भरायची, गवंड्यांचा चहा करायची, आणि दुपारी मी सुट्टीवर असले तर माझ्याजवळ बसून विचारायची, "ताई, पेणला सकाळची कुठली गाडी बरी पडते? आपन दोघी बरोबरच जाऊ ना?"

मला ते 'दोघी' नको होतं. त्या घरात नोकरी करणारी बाई एकच होती आणि ती मी होते. नवऱ्याने टाकलेली म्हणून कुणी चकार शब्द काढत नव्हतं, ते त्या नोकरीमुळे. ही उद्या पांढरा ड्रेस घालून निघणार, लोक हिला सिस्टर म्हणणार, आणि मी कोण? लाद्या विकणारी. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वरून मी तिला गाड्यांच्या वेळा सांगायची.

आमच्याकडे घरभरणीला आलेल्या बायका आधी देव बघत नाहीत, समई बघतात. समईत, तांब्यात, घंगाळात तोंड दिसलं पाहिजे. घरातलं सगळं पितळ नव्या सुनेने घासायचं, तेही विकतच्या पावडरीने नाही, चिंच आणि विटेच्या भुकटीने. त्या चकाकीवरून सून कशी आहे ते ठरतं आणि बायका घरी जाताना एकमेकींना निकाल सांगतात. घरभरणीच्या दोन दिवस आधी आईने तिच्यासमोर चिंचेचं पातेलं ठेवलं. "घरातलं सगळं पितळ काढ," म्हणाली.

दुपारी तीनच्या सुमाराला ती माझ्याकडे आली. मी पडवीत बसून नारळ सोलत होते. तिने विचारलं, "ताई, भांडी झाली. जिन्याच्या पट्ट्या पन घासायच्या का?"

मी मान वर केली नाही. नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं असतं तर पट्टी पितळेची नाही हे सांगावं लागलं असतं. पण एवढंच नव्हतं. ती पट्टी बिघडणार हे मला ठाऊक होतं आणि बिघडली तर काय होईल हेही ठाऊक होतं.

"पितळ हाय ना?" मी म्हटलं. "मग?"

अर्ध्या तासाने ती परत आली. हात कोपरापर्यंत काळे. "ताई, पहिली पायरी पांढरी दिसायला लागली. थांबू का?"

तेव्हा तरी मी थांबवायला हवं होतं. एकच पायरी गेली होती. मी म्हटलं, "नवीन पितळ आधी तसंच दिसतं गो. घास चांगली जोरात, मग रंग वर येतो." आणि ती गेली. का जाणार नाही? पट्ट्यांचं मला कळतं हे पेणपासून रोह्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. चौदाही पायऱ्या तिने संध्याकाळपर्यंत घासल्या. विटेच्या भुकटीचा तो खरखर आवाज मी नारळ सोलता सोलता ऐकत होते. मला बरं वाटत होतं. हे लिहायला आज लाज वाटते, पण त्या दुपारी लाजेचा मागमूसही नव्हता.

बांधकाम चालू म्हणून जिन्यावर पोती अंथरलेली असायची. पट्ट्या घासून झाल्यावर तिने ती परत अंथरली. घरभरणीच्या सकाळीच उचलली. पट्टी कुठे सोनेरी, कुठे पांढरी, कुठे काळपट ओरखड्यांची, खरवडलेल्या पातेल्याच्या बुडासारखी झाली होती. होम आटपला, बायका वरची खोली बघायला निघाल्या आणि आईची चुलत जाऊ तिसऱ्या पायरीवर थांबली. वाकून बोट फिरवलं. "काय गो हे? पायरीला कोड फुटलंय?"

मागच्या बायका हसल्या. आई पुढे झाली. तिने पायरी बघितली, मग भावजयीकडे बघितलं. "ह्ये काय केलंस गो?"

भावजय नव्या साडीत, हातात हळदीकुंकवाचं तबक. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हसणाऱ्या बायकांच्या मागे उभी होते. तिला वाटत होतं मी बोलेन. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, ती नुसती वाट बघत होती.

मी बोलले. "मी नुसतं ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं होतं," मी म्हटलं. "दुकानात सगळ्यांना सांगते तेच."

ती नाही म्हणाली नाही. मान खाली घातली. तेवढ्यात आई सुरू झाली होती. "चौदा पायऱ्या सांभाळता येत नाय, ती दवाखान्यात मानसं सांभाळनार? कुनाला सुईच्या जागी दाभन टोचशील. काय नको नोकरीबिकरी. आधी फडकं धरायला शिक." सगळ्या बायकांसमोर. भाऊ मांडवात पाहुण्यांना पाणी देत होता. त्याने ऐकलं आणि दुसऱ्या पंगतीकडे गेला. सोमवारी भावजयीने मागच्या दारी विहिरीपाशी उभं राहून डॉक्टरांना फोन केला. "घरी अडचन हाय," एवढंच म्हणाली. फोन ठेवून तिने वाळत घातलेले कपडे काढले आणि आत आली.

ही पट्टी लादीच्या खाली धरलेली असते, लादी फोडल्याशिवाय ती निघत नाही. पण वरून चिकटवायच्या पट्ट्या मिळतात. मी आणल्या असत्या तर तासाभरात सगळं झाकलं गेलं असतं. मी आईला तसं म्हटलंही. "राहूंदे," आई म्हणाली. "दिसूंदे." मग आलेल्या-गेलेल्याला ती जिना दाखवायची. आमची सून नर्स आहे हं, असं म्हणून दाखवायची. पाहुणे हसायचे, भावजय चहा आणायची. मीही हसायची. पहिल्या वर्षी तर मी स्वतःहून विषय काढायची.

तिने मला त्यानंतर कधीच काही विचारलं नाही. गाडीची वेळ नाही, की भाजीत मीठ किती ते नाही. बोलायची, पण विचारायची नाही. मी त्यावर खूश असायला हवं होतं. एक-दोन वर्षं होतेही. पुढे दुकानात गिऱ्हाइकाला फडकं, साबणाचं पाणी, आंबट नको असं सांगताना माझी जीभ अडखळायला लागली. एकदा एक नवी सून सासूबरोबर सोनेरी पट्टी घ्यायला आली होती. मी तिला तेच तेच इतक्या वेळा सांगितलं की मालक मागून म्हणाला, "अहो, कळलं त्यांना."

मग आईला साखर निघाली. पायाला जखम झाली ती भरेना. घरात नर्स होतीच. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन भावजय टोचायची, जखम ती धुवायची, पट्टी ती बदलायची. गावातली माणसंही रक्तदाब बघायला, सलाइन लावायला तिच्याकडेच यायची. बाहेर नोकरी करू दिली नाही आणि अख्खा दवाखाना घरात घातला. रोह्याच्या एका डॉक्टरांनी आईची जखम बघून विचारलं होतं, ही पट्टी कोण बांधते? माझ्याकडे येतील का? आईनेच परस्पर नाही सांगितलं. भावजय आईचं सगळं हसतमुखाने करत होती, मला ते बघवायचं नाही. मला वाटायचं, हिला कळतच नसेल का काही?

गेल्या वर्षी एका रविवारी संध्याकाळी मी आईच्या पायाशी बसले होते. आई थकली होती, तिच्या मागे हे माझ्याकडेच राहील असं वाटून मला धडकी भरली. मी सांगून टाकलं. पट्टी पितळेची नव्हती. भावजयीने मला दोनदा विचारलं होतं, मीच घास म्हटलं. चूक तिची नव्हती. सांगताना मला रडू आलं. आई रागावेल, मला बोलेल, आणि मग मी मोकळी होईन, असा माझा हिशेब होता.

आई हसली. "मला सांगतेस व्हय?" म्हणाली. "सात वर्षांची असल्यापासून पितळ घासतेय मी. पट्टी हातात घेतली तेव्हाच कळलं. पितळ असं हलकं असतं का गो? गावाला सांगायला बरं होतं, म्हनून नाय बोलले."

मी म्हटलं, "मग तिला का बोललीस सगळ्यांसमोर?"

"तिला पाठवायचीच नव्हती," आई म्हणाली. "कोन करनार होतं घरचं? कायतरी कारन पायजे होतं. तू आयतं दिलंस. नसतं दिलंस तर दुसरं काय तरी बघितलं असतं."

दारात भावजय उभी होती. संध्याकाळचं इन्सुलिन घेऊन आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं की सगळं ऐकलं. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. माझं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती आईकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही फसलात. तुमचा राग खरा होता असं धरून मी एवढी वर्षं तुमचं केलं."

आई म्हणाली, "सुई आन इकडं. जेवायची वेळ झाली."

भावजय आत आली. तिने सुई माझ्या हातात दिली. "ताई, इकडे या," म्हणाली, अगदी शांतपणे. "बेंबीपासून दोन बोटं सोडून. चिमटीत कातडी धरा. सरळ आत. दहापर्यंत मोजा, मग काढा. रोज जागा बदलायची." मी म्हटलं, मला नाही जमणार. ती म्हणाली, "जमेल. शिकवलं की सगळं जमतं." मला तिची माफी मागायची होती, मी तोंड उघडलं. तिने हात वर केला. "आता नको. मला तेव्हा माफी नको होती. नोकरी पायजे होती."

त्याच रात्री जेवताना तिने भावाला सांगितलं की सोमवारपासून ती रोह्याच्या त्या डॉक्टरांकडे कामाला जाणार. भाऊ म्हणाला, "आईला विचार." ती म्हणाली, "मी विचारत नाय. सांगतेय." भावाने ताटातला भात कालवायला घेतला.

आईला एकटं ठेवता येत नाही. भाऊ शिफ्टला, त्याची मुलं शाळेत. घरात दुसरं कोण होतं? त्या सोमवारपासून मी रजा टाकली आणि पुढच्या महिन्यात दुकान सोडलं. मालक नाराज झाला, आणखी काही महिने थांबा म्हणाला. कधीमधी अजून त्याचा फोन येतो, कुणाच्या तरी घरची पट्टी काळी पडली, काय लावायला सांगू म्हणून. मी सांगते आणि ठेवते.

आईच्या जखमेची पट्टी मी बांधते, ती सैल पडते. सुई कधी तिरकी जाते. पोटावर निळे डाग पडलेत. "तुझा हात जड हाय," आई रोज म्हणते. "तिला बोलाव गो." मी रोज सांगते, ती कामावर गेली आहे. मग आई पोटावरचं लुगडं बाजूला करते आणि डोळे घट्ट मिटून घेते.